‘ब्लू मंडे’ लॅपटॉपवर निर्जीव का वाजतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुमचा तिघांचा बँड आहे. तुम्ही लॅपटॉप आणि कीबोर्ड सांभाळता, एक मित्र बास गिटार वाजवतो आणि गाणारी मैत्रीण सात-आठ वर्षं शास्त्रीय शिकलेली आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला तुम्हाला न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडचं ‘ब्लू मंडे’ करायचंय. मूळ ड्रम मशीनचे आवाज तुम्ही मिळवलेत, मूग सिंथसायझरची नक्कल करणारा प्लगइन घेतलात, स्वर एकूण एक बरोबर बसवलेत. तरीही ते ‘रिंगटोनसारखं’ वाजतं. ठोके मुद्दाम थोडे मागेपुढे करणारं ह्युमनाइझचं बटण दाबून पाहिलंत, तर ते आणखी विसविशीत झालं. आणि शेवटी तुम्ही विचारता की आता कुठला प्लगइन विकत घेऊ?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: काहीही विकत घेऊ नका. तुमच्याकडे आहे ते पुरेसं आहे. मी गेली तीस वर्षं मुंबईत कीबोर्ड वाजवते आणि दुसऱ्यांच्या गाण्यांचं प्रोग्रामिंग करते. ‘आवाज बरोबर आहे, पण जीव नाही’ ही तक्रार घेऊन जे लोक माझ्याकडे आले, त्यांतल्या बहुतेकांचा आवाज खरोखरच बरोबर होता. चुकलेली असायची ती कामाची वाटणी. यंत्राने काय करायचं आणि हाताने काय करायचं, हे ठरलेलंच नसायचं. मग यंत्राला माणसासारखं डुलवायचा प्रयत्न होतो आणि माणसाला मात्र ग्रिडवर, म्हणजे लयीच्या ताठ चौकटींवर, खिळून टाकलं जातं. ‘ब्लू मंडे’त ही वाटणी इतकी स्वच्छ आहे की माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे गाणं सुटं करून ऐकायला लावते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या मला इथे बसून सांगता येणार नाहीत. गॅदरिंग बंद सभागृहात आहे की मैदानावर? स्पीकरच्या भिंतीत सबवूफर आहेत का? तुम्हाला मूळ रेकॉर्डिंग हुबेहूब उतरवायचंय की तुमच्या तिघांचं ‘ब्लू मंडे’ करायचंय? आणि तुम्हाला वेळ किती मिळणार आहे? मी असं धरून चालते की तुम्हाला स्टेजवर वाजवायचंय आणि ऐकणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदांत गाणं ओळखू यायला हवं. नुसतं रेकॉर्डिंग करायचं असेल तर थेट वाजवण्याबद्दलचा भाग सोडून द्या.

हे गाणं कसं झालं ते थोडं सांगायला हवं, कारण त्याच्या घडणीतच तुमच्या अडचणीचं उत्तर आहे. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडचा गायक इयन कर्टिस मे १९८० मध्ये गेला. उरलेल्या तिघांनी, म्हणजे बर्नार्ड समनर, पीटर हूक आणि स्टीव्हन मॉरिस यांनी न्यू ऑर्डर हे नाव घेतलं आणि गिलियन गिल्बर्ट त्यांच्यात आली. ‘ब्लू मंडे’ त्यांनी १९८२ मध्ये लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलं आणि मार्च १९८३ मध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्सने ते बारा इंची तबकडीवर बाहेर काढलं. लांबी साडेसात मिनिटं. तबकडीच्या वेष्टनावर बँडचं नाव अक्षरांत कुठेच नाही. ब्रिटनच्या क्रमवारीत ते दुसऱ्या फेरीत, त्या वर्षीच्या शरद ऋतूत, नवव्या क्रमांकापर्यंत चढलं आणि पुढे बारा इंची तबकड्यांत सर्वाधिक खपलेलं गाणं ठरलं.

आता महत्त्वाचं. ही तारीख पाहा: १९८२. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू शकतील अशी मिडी नावाची सोय जानेवारी १९८३ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली. म्हणजे हे गाणं मिडीच्या आधीचं आहे. तुमच्या लॅपटॉपमध्ये ठेका, बास आणि धून एकाच घड्याळावर चालतात. त्यांच्याकडे ओबरहाइमचं डीएमएक्स हे ड्रम मशीन होतं, मूग सोर्स हा सिंथ होता आणि समनरने सुटे भाग जोडून घरी बनवलेला एक सिक्वेन्सर होता, म्हणजे आधी भरून ठेवलेले स्वर क्रमाने वाजवणारं यंत्र. ही यंत्रं एका लयीत चालावीत म्हणून विज्ञानातल्या एका ओळखीच्या माणसाकडून वेगळं सर्किट करून घ्यावं लागलं. एकेका यंत्राला एकेकच काम जमत होतं, आणि ते काम ते इमानाने करत होतं. ही मर्यादा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. ती तुम्हाला स्वतःहून घालून घ्यावी लागेल.

सुरुवात किकपासून, म्हणजे ड्रमच्या खालच्या ‘धम्’ ठोक्यापासून करा. ठेका असा आहे: दोन ठोके सावकाश, मात्रेवर. मग उरलेल्या दोन मात्रांत पाठोपाठ आठ ठोके, तबलजीच्या भाषेत चौगुणीत. पुढच्या बारमध्ये, म्हणजे पुढच्या चार मात्रांत, चार सरळ ठोके. लय साधारण मिनिटाला १३० मात्रांची. हिशेब मांडला तर एक मात्रा सुमारे ४६१ मिलीसेकंदांची होते आणि चौगुणीतल्या दोन ठोक्यांमधलं अंतर ११५ मिलीसेकंदांचं. आता तुमचा किकचा सॅम्पल, म्हणजे ध्वनिमुद्रित तुकडा, उघडून त्याची लांबी पाहा. आजकाल मिळणारे किक दणदणीत असतात, त्यांची शेपूट २५० ते ४०० मिलीसेकंद सहज जाते. म्हणजे तुमचा दुसरा ठोका पडतो तेव्हा पहिला अजून घुमतच असतो, आणि आठव्या ठोक्यापर्यंत नुसता चिखल होतो. जुन्या ड्रम मशीनमध्ये एका आवाजाच्या कार्डावर एका वेळी एकच ठोका वाजू शकतो. नवा ठोका पडला की जुना जागीच तुटतो. तुमच्या सॅम्पलरमध्ये ‘व्हॉइसेस’ असं लिहिलेलं असेल, तिथे आकडा १ करा. मग शेपूट छाटून शंभर मिलीसेकंदांच्या आत आणा. ढोलकीवाला तोडा वाजवताना धुमावरचा हात घुमू देत नाही, लगेच दाबून बंद करतो. इथे तेच करायचंय.

आणि किकला ह्युमनाइझ अजिबात लावू नका. आठही ठोके एकाच जोराचे, एकाच अंतरावर हवेत. या गाण्यात किक ही भिंत आहे. ती हलली तर तिच्यासमोर कोण हलतंय हे कळणारच नाही. तुम्ही ते बटण दाबल्यावर गाणं विसविशीत झालं, ते याच कारणाने.

आता बास, म्हणजे सिंथवरचा. दोन महिन्यांपूर्वी एक मुलगा नेमकी हीच तक्रार घेऊन माझ्याकडे आला होता. प्रोजेक्ट उघडलं, बासचा ट्रॅक एकटा लावला. स्वर बरोबर, फिल्टर बरोबर. मग पियानो रोलवर, जिथे नोटा आडव्या पट्ट्यांसारख्या दिसतात तिथे, पाहिलं तर प्रत्येक नोट पुढच्या नोटेला चिकटवून काढलेली. वीट शेजारी वीट, मध्ये चुन्याची रेघसुद्धा नाही. मी काही न बोलता सगळ्या नोटा निवडल्या आणि त्यांची लांबी ६० टक्क्यांवर आणली. पुन्हा वाजवलं. त्याने मला विचारलं, "प्लगइन बदललात का?" बदललं काहीच नव्हतं. नोटांच्या मध्ये मोकळी जागा आली, त्यामुळे दर वेळी एन्व्हलप, म्हणजे स्वराचा चढ-उतार, नव्याने सुरू व्हायला लागला आणि प्रत्येक स्वराला चोच फुटली. तुम्हीही हे करून पाहा. ६० हा काही मंत्र नाही. ५० ते ७० च्या मध्ये कुठेतरी तुमच्या स्पीकरला मानवेल तो आकडा ठेवा. मैदान असेल तर आणखी छोटा, कारण मोठ्या स्पीकरांतून खालचे स्वर आधीच पसरतात.

स्वरांबद्दल एक गोष्ट तुमच्या गायिकेलाही सांगा, तिला आवडेल. गाण्याचा षड्ज पांढरी दोन आहे. पाश्चात्त्य भाषेत डी मायनर. पांढरी दोनला सा धरलं तर बासची चाल होते: कोमल गंधार, कोमल निषाद, सा. मग मध्यम, कोमल निषाद, सा. एवढंच. दोन्ही वेळा निघण्याची जागा वेगळी आणि पोहोचण्याची जागा एक. साडेसात मिनिटं हे ऐकूनही कंटाळा येत नाही, कारण कान दर वेळी घरी परततो, पण आधी अंगणातून आणि मग गच्चीवरून. तुमच्या बासच्या ट्रॅकमध्ये सा वर आल्यावरचे ठोके आणि बाकीचे ठोके एकाच जोराचे असू द्या. तिथे उगीच वजन टाकू नका. चाल स्वतःच घरी पोहोचते.

आता तुम्ही न विचारलेली, पण माझ्या मते तुमचं गाणं सगळ्यात जास्त बिघडवणारी गोष्ट. मूळ गाण्यातली सिक्वेन्सरची धून ठेक्यावर नीट बसलेली नाही. ती तिरकी आहे. गिलियन गिल्बर्टने हे स्वतः सांगितलंय. तेव्हा कीबोर्डवर वाजवून सिक्वेन्सर भरायची सोय नव्हती. एकेक घर मोजून आकडे टाकायचे. तिने सगळी मांडणी कागदांवर लिहिली, ते कागद चिकटपट्टीने एकमेकांना जोडले आणि त्याची स्टुडिओभर लांब पट्टी झाली, विणकामाच्या नमुन्यासारखी. ते भरताना एक स्वर राहून गेला आणि धून ठेक्याशी तिरपी झाली. त्यांनी ती तशीच ठेवली.

हे वाचताना मला माझी गणिताची वही आठवते. नव्वदच्या दशकात मी पहिल्यांदा सिक्वेन्सरवर काम केलं, तेव्हा चौकटींच्या वहीत एका ओळीला सोळा घरं आखून पेन्सिलीने टिंबं काढायचे. माझी आई स्वेटर विणताना तोंडातल्या तोंडात ‘दोन सुलट, एक उलट’ मोजायची, तसंच मी मोजत बसायचे. एक घर चुकलं की सगळी वीण सरकते. बहुतेक वेळा ती उसवावीच लागते. पण कधीकधी सरकलेली वीण मूळच्या नमुन्यापेक्षा चांगली दिसते, आणि ते ओळखण्यासाठी आधी आपण चुकलोय हे ऐकू यावं लागतं. गिल्बर्टच्या चुकीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्या चौघांनी ती ऐकून ठेवून दिली हेच.

तुम्ही इंटरनेटवरून जी मिडी फाइल उतरवलीत, त्यात कुणीतरी ही धून ‘दुरुस्त’ करून ग्रिडवर बसवलेली असण्याची दाट शक्यता आहे. तपासा. धुनेचा पहिला स्वर आणि किकचा पहिला ठोका बरोबर एकाच घरात पडत असेल तर तिथेच तुमचं गाणं गुळगुळीत झालंय. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: अतीत आणि अनागत. समेच्या मागून किंवा आधी येऊन जागा घेणं. गवई हे मुद्दाम करतो, कारण ऐकणारा समेची वाट पाहत असतो आणि त्याला अर्ध्या श्वासाची हुलकावणी मिळाली की तो सावरून बसतो. धुनेचा पूर्ण ट्रॅक निवडा आणि एका घराने, म्हणजे मात्रेच्या चौथ्या भागाने, आधी मागे आणि मग पुढे सरकवून पाहा. मूळ तबकडी शेजारी लावून कानाने ठरवा. आणि सरकवल्यावर त्या ट्रॅकमधली प्रत्येक नोट तिच्या जागी ताठ राहू द्या. सरकायचं ते सगळ्या विणीने एकत्र. एकेक टाका सैल सोडायचा नाही. ह्युमनाइझ आणि हे सरकणं यांत फरक आहे तो हाच.

कोरसचा जो थंड, धुरकट आवाज येतो त्याबद्दल थोडक्यात. तो एमुलेटर या सॅम्पलरमधून आलेला आहे आणि मूळचा क्राफ्टवेर्क या जर्मन बँडच्या १९७५ च्या तबकडीतला आहे. एमुलेटर आठ बिटचा, आवाज खरखरीत. (त्यात आवाज फ्लॉपीवरून चढवायचे. डिझायनर पीटर सॅव्हिलने वेष्टन फ्लॉपीसारखं केलं ते अशीच फ्लॉपी पाहून.) तुम्ही एखादं चकचकीत कॉयर लावून त्यावर मणभर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, ओतला असेल तर तो काढा. तुम्ही तिघं आणि आणखी दोन मित्र मोबाइलसमोर उभे राहून चार सेकंद ‘आ’ लावा, तो आवाज आठ बिटवर उतरवा, वरची चमक कापा आणि कीबोर्डवर पसरवा. दुसऱ्याच्या तबकडीतला तुकडा उचलण्यापेक्षा हे बरं, आणि सभागृहात ते तुमचं वाटेल.

इथवर यंत्रांचं काम झालं. एकदा गोळा करते: किक ताठ आणि आखूड, बासच्या नोटांमध्ये मोकळी जागा, धून ठेक्याशी तिरकी, कोरस खरखरीत. या चौघांपैकी कुणालाही डुलवायचं नाही. डुलायचं ते उरलेल्या दोघांनी, म्हणजे तुमच्या बासवाल्या मित्राने आणि गायिकेने.

बासवाल्याला सांगा, खालचे स्वर सोडून दे. बहुतेक बासवाल्यांना हे ऐकून राग येतो, कारण त्यांना वाटतं खालचा मजला आपला. पण इथे खालचा मजला सिंथने घेतलाय. पीटर हूक जॉय डिव्हिजनपासूनच बास गिटारवर वरच्या सप्तकात, सुरावट वाजवायचा, आणि ‘ब्लू मंडे’त त्याचा बास म्हणजे जवळजवळ दुसरा गायकच आहे. इतालवी संगीतकार मोरिकोनेच्या काउबॉय सिनेमांतल्या संगीताची छाया त्यावर असल्याचं त्यानेच सांगितलंय. तुमच्या मित्राला क्लिक, म्हणजे लय मोजणारी टिकटिक, ऐकवू नका, किक ऐकवा. आणि त्याने वाजवलेलं रेकॉर्ड केलंत तर ते क्वांटाइझ करू नका, म्हणजे ग्रिडवर ओढून बसवू नका, एक स्वरसुद्धा नाही. तो किकच्या केसभर मागे राहील, मधेच पुढे झुकेल. भिंत ताठ असल्यामुळे ते झुकणं ऐकू येतं, आणि तुम्ही जिवंतपणा म्हणून जे शोधताय ते तिथे आहे.

हीच वाटणी मला आणखी एका तबकडीत ऐकू येते, आणि ती आपल्या मुंबईत झाली, त्याच १९८२ साली. हिंदी सिनेमासंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी रोलंडची तीन यंत्रं घेतली, टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८, आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. खाली ठेका आणि बास यंत्राच्या, अगदी न चुकणाऱ्या. वर रागाची सुरावट हाताची, मींड घेत जाणारी. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. अनेक वर्षांनी जगाने ती उकरून काढली. मँचेस्टरच्या चौघांना मुंबईचं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं आणि मुंबईला त्यांचं. पण यंत्राला यंत्राचं आणि हाताला हाताचं काम देणं दोन्हीकडे सारखंच आहे. तुमच्या गायिकेने ही तबकडी ऐकावी असं मला मनापासून वाटतं, कारण आता तिच्याबद्दल बोलायचंय.

शास्त्रीय शिकलेला गळा या गाण्यात अडखळतो तो नको तिथे खूप काही करतो म्हणून. समनर हा तयार गायक नव्हता. कर्टिस गेल्यावर गायची जबाबदारी त्याच्यावर आली. त्याचा आवाज या गाण्यात सपाट, खालचा, जवळजवळ बोलल्यासारखा आहे आणि शब्द दुखावलेल्या माणसाचे आहेत. त्या शब्दांत हरकत किंवा मुरकी घेतली की दुखावलेपण जातं आणि तयारी दिसायला लागते. तिला सांगा की मींड नको, कंप नको, स्वर सरळ लावायचा आणि सरळ सोडायचा. सरावासाठी मी असं करते: पहिल्या दिवशी शब्द नुसते वाचायला लावते, पत्र वाचावं तसे. दुसऱ्या दिवशी एकाच स्वरावर म्हणायला लावते. तिसऱ्या दिवशी चाल. शास्त्रीय शिकलेल्या मुलींना हे जमतं, कारण नुसता षड्ज तासभर लावायची त्यांना सवय असते. फक्त तोच षड्ज इथे हवाय हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

लांबी कापण्याचा मोह होईल. गॅदरिंगला सात-आठ मिनिटं कोण देणार, हे मला कळतं. पण मूळ गाण्यात दोन मिनिटं उलटून गेल्यावर आवाज येतो. तोपर्यंत एकेक थर चढत जातो आणि ऐकणाऱ्याच्या पायाला लय लागते. तुम्ही तीस सेकंदांत गायला सुरुवात केलीत तर पायच तयार नसतील. पाच मिनिटं मिळत असतील तर शेवट कापा, मधला एखादा भाग कापा, पण सुरुवातीला निदान सव्वा मिनिट द्या. पहिल्या दोन बारमध्ये फक्त किक. त्याच्याबरोबर काहीही नको, टाळ्या मागणारा निवेदकसुद्धा नको.

आता स्टेजवरची गोष्ट. ही माणसंही यंत्रांनी पोळलेली होती. हूकने सांगितलंय की ठेका बसवून सगळे खूश असताना मॉरिसच्या पायाने ड्रम मशीनची वायर निघाली, सगळं पुसलं गेलं आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. पुढे १९८३ मध्येच बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कार्यक्रमात बाकीचे लोक तबकडीवर ओठ हलवत असताना यांनी प्रत्यक्ष वाजवायचा हट्ट धरला आणि यंत्रांनी साथ दिली नाही. माझ्या वाट्यालाही हे आलंय. नव्वदच्या दशकात एका गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात जनरेटर क्षणभर बसला, दिवे मिणमिणले आणि परत आले. तेवढ्यात माझ्या सिक्वेन्सरमधलं साठवून न ठेवलेलं सगळं गेलं. समोर दोन हजार माणसं. ऑक्टोपॅडवाल्या काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढची चार मिनिटं तो ठेका हाताने ओढला, एकही ठोका न चुकता. कार्यक्रम झाल्यावर मी त्यांच्या पाया पडले.

म्हणून तुम्ही असं करा. किक, बास, धून आणि कोरस यांचे चार वेगळे ट्रॅक ऑडिओ करून घ्या. स्टेजवर प्लगइन चालवू नका. तेच चार ट्रॅक दुसऱ्या लॅपटॉपवर किंवा साध्या प्लेअरवर तयार ठेवा आणि तो मिक्सरच्या वेगळ्या चॅनलला जोडून ठेवा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद, बॅटरी पूर्ण, चार्जरची पिन चिकटपट्टीने बसवलेली. कोरस तरी तुम्ही हाताने वाजवा, म्हणजे तुमच्या हातालाही काम राहील आणि गायिका एखादी ओळ उशिरा उचलेल तर तिला थांबायला जागा मिळेल. साउंड चेकला मिक्सरवर बसलेल्या दादांना आधी फक्त किकचा आठ ठोक्यांचा तुकडा ऐकवा. आठही वेगवेगळे मोजता आले पाहिजेत. मोजता येत नसतील तर सब कमी करा, किक वाढवू नका.

शेवटी पट्टी. समनर पुरुषाच्या खालच्या आवाजात गातो, त्यामुळे तुमच्या मैत्रिणीला मूळ सप्तक फार खाली पडेल आणि एक सप्तक वर गेलं तर कदाचित ओरडल्यासारखं होईल. पट्टी बदलायचा विचार याच ठिकाणी डोक्यात येतो. बदलायची असेल तर आधी तिला तंबोऱ्याच्या ॲपवर नुसतं वाचल्यासारखं गाऊ द्या आणि कुठे न ओढता बोलता येतं ते शोधा. काळी चार किंवा काळी पाच निघाली तर सिंथच्या बासचे स्वर वर सरकवू नका, खालच्या सप्तकात न्या, आणि मग सबवूफर ते झेपवतोय का ते प्रत्यक्ष सभागृहातच ऐका. किकचा सॅम्पल नव्या पट्टीच्या षड्जाला जुळवून घ्या, नाहीतर दोघं एकमेकांना कुरतडत राहतील. तिची पट्टी कळली की मला सांगा, आणि फक्त किक आणि बासचा एक मिनिटाचा तुकडा पाठवा. बाकी काही पाठवू नका. त्या दोघांवर पाय हलला की मग पुढचं पाहू.